जुन्या पिकअपमधला चेक इंजिनचा दिवा: पार्ट घेण्याआधी काय काय तपासायचं

शिरोलीतून कास्टिंग, मार्केट यार्डातून गूळ, गगनबावड्यावरून कोकणात भाजी. कोल्हापूरच्या भाड्याच्या पिकअप उभ्या कमी आणि लोडवर जास्त असतात. यातल्या जुन्या गाड्या म्हणजे बहुतेक कॉमन रेल डिझेल (सगळ्या इंजेक्टरांना एकाच सामाईक पाइपमधून, म्हणजे ‘रेल’मधून, जास्त दाबाचं डिझेल मिळतं त्या): बोलेरो पिकअप, मॅक्सी ट्रक, झेनॉन, दोस्त. हा लेख त्यांच्यासाठी आहे. त्याहून जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांत सहसा ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) नसतो, त्यामुळे चेक इंजिनचा दिवाही नसतो.

दिवा लागला की दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक, ‘चालू दे, काय होत नाही.’ दुसरी, ‘सेन्सर गेलाय, बदलून टाक.’ पहिल्यात कधीकधी इंजिन जातं आणि दुसऱ्यात पैसे जातात. स्कॅनरवर येणारा कोड पार्ट खराब असल्याचं सांगत नाही. ईसीएमला अमुक एक आकडा अपेक्षेबाहेर दिसला, इतकंच त्यात असतं. तो आकडा सेन्सर बिघडल्यामुळे चुकला, वायर तुटल्यामुळे, की खरोखर तशीच परिस्थिती इंजिनात आहे म्हणून, हे मल्टिमीटर लावून आपल्यालाच शोधावं लागतं. जुन्या गाडीत वायर, कपलर (वायरींचा जोड), अर्थ (अर्थिंगची केबल) आणि होज पाइप आधी दमतात आणि सेन्सर नंतर. तपासणीचा क्रमही तसाच ठेवायचा.

आधी दिवा नीट बघा

पिवळा, इंजिनच्या आकाराचा दिवा म्हणजे चेक इंजिन. गुंडाळीच्या आकाराचा पिवळा दिवा हीटर प्लगचा. फिल्टर आणि थेंबाचं चित्र म्हणजे डिझेलमध्ये पाणी. ऑइलच्या किटलीचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर पुढचं काही वाचू नका. गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. ऑइल प्रेशर नसताना चालवलेलं इंजिन काही मिनिटांत बेअरिंग धरतं.

चावी ऑन केली, इंजिन सुरू केलं नाही, तर चेक इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे, आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. ऑनला लागतच नसेल, पण गाडी सुरू होत असेल, तर बल्ब गेलाय किंवा कुणीतरी काढलाय. दिवा लागो न लागो, इंजिन फिरूनही सुरू होत नसेल आणि स्कॅनर जोडला जात नसेल, तर ईसीएमचा सप्लाय, मेन रिले आणि फ्यूज आधी तपासा.

पिवळा दिवा स्थिर आहे, ओढ नेहमीसारखी आहे, धूर वाढलेला नाही, तापमान ठीक आहे, अशी गाडी घरापर्यंत किंवा गॅरेजपर्यंत नेता येते. रेस दिली तरी इंजिन ठरावीक फेऱ्यांच्या (आरपीएमच्या) वर जात नसेल, तर ईसीएमने जाणूनबुजून ताकद कमी केली आहे, म्हणजे गाडी लिंप मोडमध्ये आहे. अशी भरलेली गाडी करूळ किंवा आंबा घाटाला लावू नका. पेट्रोल-सीएनजी पिकअपमध्ये दिवा लुकलुकत असेल आणि इंजिन मिसिंग करत असेल तर लगेच थांबा. न जळलेलं इंधन सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि कन्व्हर्टर वितळतो. डिझेलमध्ये लुकलुकण्याचा अर्थ कंपनीनुसार वेगळा असतो, मॅन्युअल बघा.

मग एका कागदावर लिहा: दिवा लागला तेव्हा इंजिन थंड होतं की गरम, लोड होता का, चढ होता का, पाऊस होता का, आदल्या दिवशी इंजिन धुतलं होतं का, डिझेल कुठून भरलं. हे ड्रायव्हरला विचारायचं, मालकाला नाही. निम्मं निदान या कागदावर होतं.

कोड वाचा, पुसू नका

डॅशबोर्डखाली, स्टिअरिंगच्या आसपास १६ पिनांचा सॉकेट असतो. बीएस-४ (धुराच्या मर्यादेचा सरकारी टप्पा) गाड्यांना ओबीडीचा (गाडीने स्वतःचे दोष नोंदवण्याच्या यंत्रणेचा) पहिला टप्पा २०१० पासून आणि दुसरा २०१३ पासून लागला, पण बीएस-४ सक्तीचं देशभर झालं १ एप्रिल २०१७ ला. त्यामुळे २०१४ ची पिकअप बीएस-३ असू शकते. आरसीवर बघून घ्या, कारण बीएस-३ मधल्या काही कॉमन रेल गाड्या ब्लूटूथच्या स्वस्त ईएलएम ३२७ स्कॅनरला उत्तरच देत नाहीत. तिथे कंपनीच्या गाड्यांचं सॉफ्टवेअर असलेला स्कॅनर लागतो. शिवाजी उद्यमनगरात तसा स्कॅनर ठेवणारे वायरमन भेटतात. बाकी गाड्यांना ईएलएम आणि मोबाइलवरचं टॉर्क किंवा कार स्कॅनर हे ॲप पुरतं.

स्कॅनर जोडला जात नसेल तर त्याला दोष देण्याआधी मीटर लावा. पिन १६ आणि पिन ४ मध्ये बॅटरीइतके व्होल्ट मिळाले पाहिजेत. मिळाले नाहीत तर फ्यूज बघा. बऱ्याच गाड्यांत हा फ्यूज लायटर, टेप किंवा केबिनच्या दिव्याशी सामाईक असतो आणि टेप बसवताना उडालेला असतो. कॅन पद्धतीच्या (दोन वायरींवरून कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात अशा) गाडीत बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून पिन ६ आणि १४ मध्ये रेझिस्टन्स मोजा. ६० ओहमच्या आसपास आला तर जोडणी ठीक, १२० आला तर एक बाजू तुटली आहे. जुन्या के-लाइन पद्धतीत संभाषण पिन ७ वरून चालतं.

कोड मिळाला की त्याचा फोटो काढा. सोबत फ्रीझ फ्रेम असेल तर तिचाही: दिवा लागला त्या क्षणीचा वेग, फेऱ्या, तापमान, लोड तिथे नोंदलेलं असतं. कोड पुसला की हे सगळं जातं. बॅटरीची केबल काढून ‘रिसेट’ करण्याची पद्धतही बहुतेक गाड्यांत पुरावाच पुसते, म्हणून वरची ६० ओहमची चाचणी कोड लिहून झाल्यावरच. स्कॅनर जोडलाच जात नसेल तर अर्थात दुसरा मार्ग नाही.

कोड वाचण्याची रीत सोपी आहे. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, यू म्हणजे कॉम्प्युटरांमधलं संभाषण. पुढचा अंक ० असेल तर अर्थ सगळ्या कंपन्यांत सारखा, १ असेल तर तो त्या कंपनीपुरता. नेटवर दुसऱ्या कंपनीचा अर्थ वाचून पी१ चा कोड सोडवायला जाऊ नका. त्याच्या पुढचा अंक १ किंवा २ म्हणजे हवा-इंधन, ३ म्हणजे मिसिंग आणि फेऱ्यांचे सेन्सर, ४ म्हणजे धुराशी संबंधित यंत्रणा, ५ म्हणजे वेग आणि आयडलिंग, ६ म्हणजे ईसीएम आणि त्याचा सप्लाय.

चार-पाच कोड एकदम आले तर घाबरू नका, बहुधा मूळ एकच असतं. आधी व्होल्टेजचे (पी०५६२, पी०५६३), मग ५ व्होल्ट सप्लायचा (पी०६४१), मग सेन्सरचे, आणि सगळ्यात शेवटी ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणारी यंत्रणा) आणि टर्बोसारखे परिणाम दाखवणारे कोड घ्या.

बॅटरी आणि अर्थ

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे निम्मा. स्टार्टर फिरताना ९.६ च्या खाली जाता कामा नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ हवेत. १५ च्या वर गेले तर डायनामोचा रेग्युलेटर गेला, आणि तो ईसीएमलाही घेऊन जाईल. आधी तो दुरुस्त करा.

अर्थ ओहममध्ये मोजून कळत नाही, कारण एका तारेवर टिकलेली केबलही शून्य ओहम दाखवते. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरं इंजिन ब्लॉकच्या कोऱ्या धातूला, आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत ठीक, अर्धा व्होल्ट दिसला तर केबल किंवा तिचा बोल्ट खराब. मग इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर लावून हेच माप ईसीएमच्या अर्थ पिनेवर घ्या. तिथे ०.१ च्या वर नको. बोल्ट काढून रंग-गंज खरवडून पुन्हा आवळल्यावर निम्मे विचित्र कोड परत येत नाहीत. चेसिसवर वेल्डिंग करून फाळका किंवा हूक बसवला असेल तर त्या जागेजवळचा अर्थ हमखास तपासा. पुढच्या वेळी वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही केबल काढा.

कोल्हापुरी पावसाळा, उंदीर आणि वायरिंग

बॉनेट उघडा, इंजिन बंद ठेवा, टॉर्च घ्या आणि दहा मिनिटं फक्त बघा. वायरिंग जिथे ब्रॅकेटवर घासतं, जिथे सायलेन्सरजवळून जातं आणि जिथे फायरवॉलमधून आत शिरतं, त्या तीन जागा. गुळाच्या गोदामाशी रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर गरम इंजिनावर येऊन बसतात आणि इंजिनाच्या मागच्या बाजूच्या, वरून न दिसणाऱ्या वायरी कुरतडतात. तिथे मोबाइलचा कॅमेरा घालून फोटो काढा.

एकेक कपलर काढून पिना बघा. हिरवट गंज, पाण्याचा ओघळ, आत गेलेली पिन, रबरी सील नसणं, यातलं काही दिसेल. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, सील नवीन घाला. ग्रीस थापू नका. फार तर सीलच्या बाहेरच्या बाजूला थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस. तुटलेली वायर नुसती पिळून टेप गुंडाळली तर पुढच्या पावसात कोड परत येतो. सोल्डर किंवा क्रिंप करून वरून हीट श्रिंक नळी चढवा.

ईसीएमच्या वायरींवर बल्बचा टेस्टर लावायचा नाही. बल्ब ओढतो तेवढा करंट ५ व्होल्टच्या सर्किटला झेपत नाही. डिजिटल मीटरच वापरा आणि वायरीला टाचणी भोसकण्याऐवजी कपलरच्या मागून बारीक पिन सरकवा. भोसकलेल्या जागी पाणी शिरून वायर आतून सडते.

२०१९ किंवा २०२१ च्या पुरात उभी राहिलेली गाडी असेल तर ईसीएमचा कपलर उघडून बघितल्याशिवाय कुठलाही पार्ट घेऊ नका. पाणी ओसरल्यावर गाडी सुरू होते आणि गंज पुढे कितीतरी दिवसांनी बोलतो. पाण्यातून नुकतीच काढलेली गाडी असेल तर चावी लावायचीच नाही, आधी बॅटरी सोडवायची.

कोड कधी येतो, कधी जातो, तेव्हा इंजिन आयडलवर ठेवून ॲपमध्ये त्या सेन्सरचा आलेख लावा आणि वायरिंग हाताने थोडं थोडं हलवत जा, पंखा-बेल्टपासून लांब. आलेखात उडी दिसली तिथेच दोष. पावसातच येणारा कोड असेल तर स्प्रे बाटलीने एकेका कपलरवर पाणी मारून बघा.

सेन्सर खरंच गेला का, हे ठरवायची रीत

दोन वायरींचे तापमान सेन्सर (कूलंट, हवा) सगळ्यात सोपे. पी०११७ म्हणजे सिग्नल फार खाली, पी०११८ म्हणजे फार वर. कपलर काढा, चावी ऑन: ॲपवर तापमान उणे ४० च्या आसपास गेलं पाहिजे. आता कपलरच्या दोन पिना छोट्या वायरीने जोडा: तापमान १३० च्या वर गेलं पाहिजे. दोन्ही झालं तर वायरिंग आणि ईसीएम ठीक, सेन्सर गेला. उणे ४० वरून हललंच नाही तर वायर तुटली आहे आणि नवा सेन्सर घालून काही होणार नाही. काही ईसीएम दोष कळताच स्वतःचा एक ठरीव आकडा दाखवतात, तेव्हा आकड्याऐवजी कोड बघा: तो ११८ वरून ११७ झाला की तोच निकाल. बॉश पद्धतीच्या कूलंट सेन्सरचा रेझिस्टन्स २० अंशाला साधारण २.५ किलोओहम आणि ८० अंशाला ३०० ओहमच्या आसपास असतो. पिना जोडायची ही युक्ती फक्त दोन वायरींच्या तापमान सेन्सरपुरतीच आहे.

तीन वायरींच्या सेन्सरमध्ये (रेल प्रेशर म्हणजे रेलमधला डिझेलचा दाब, मॅनिफोल्ड प्रेशर म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) एक वायर ५ व्होल्टची, एक अर्थची, एक सिग्नलची. कपलर काढून चावी ऑनला ५ व्होल्ट आणि अर्थ मोजा. ५ च्या जागी १ किंवा २ व्होल्ट दिसले तर त्याच लाइनवरचा दुसरा कुठला तरी सेन्सर आतून शॉर्ट आहे. मीटर लावून ठेवा आणि बाकीचे सेन्सर एकेक करत काढा. ज्याचा कपलर काढल्यावर ५ व्होल्ट परत आले तो दोषी. एका शॉर्ट सेन्सरपायी तीन-चार कोड येतात आणि चुकून तेवढे सगळे सेन्सर बदलले जातात.

मॅनिफोल्ड प्रेशरचा सेन्सर तर फुकटात तपासता येतो. इंजिन बंद, चावी ऑन असताना तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर असल्याने आकडा ९४ ते ९६ किलोपास्कल हवा. रत्नागिरीत तीच गाडी १०१ च्या आसपास दाखवेल. कोल्हापुरात उभी गाडी १०५ किंवा ८० दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर खोटं बोलते आहे.

ॲक्सिलरेटर पेडलमध्ये दोन सेन्सर असतात. बऱ्याच गाड्यांत एकाचे व्होल्ट दुसऱ्याच्या दुप्पट असतात, उदाहरणार्थ पाय न ठेवता ०.७५ आणि ०.३७. पेडल हळू दाबताना दोन्ही आकडे न अडखळता वाढले पाहिजेत. पी२१३८ आला आणि पेडल दाबूनही इंजिन रेस घेत नाही, तर आधी पेडलखालची माती आणि कपलर बघा.

रेल प्रेशर कमी: पी००८७

जुन्या पिकअपमध्ये सगळ्यात जास्त खर्च याच कोडपायी चुकतो, कारण ‘पंप गेला’ म्हणणं सोपं आहे. पंप खोलायच्या आधी डिझेल टाकीतून पंपापर्यंत स्वच्छ आणि विना-हवा पोचतं का हे ठरवा.

सुरुवातीलाच एक इशारा. जुने मिस्त्री मेकॅनिकल पंपाच्या गाडीत नोझलचा नट ढिला करून मिसिंग सिलिंडर शोधायचे. कॉमन रेलमध्ये हे कधीच करायचं नाही. आयडलवरच रेलमध्ये २५० ते ३५० बार दाब असतो, लोडवर हजाराच्या वर. तेवढ्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते आणि हात कापायची वेळ येते. गळती शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठा धरा. इंजिन बंद करून निदान दहा मिनिटं थांबल्याशिवाय हाय प्रेशर पाइपला पाना लावू नका. इंजेक्टरचा कपलर चालू इंजिनावर उपसणंही टाळा, तिथले व्होल्ट बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त असतात. सिलिंडर तपासायचा तर स्कॅनरमधली कट-आउट (एकेक सिलिंडर बंद करून बघण्याची) चाचणी वापरा.

आता क्रम. डिझेल फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू ढिला करून पारदर्शक बाटलीत अर्धा ग्लास डिझेल घ्या. खाली पाणी बसलं तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढा. पावसाळ्यात हे महिन्यातून एकदा करायचंच काम आहे, आणि बॅरल-कॅनमधून डिझेल भरणाऱ्यांनी त्याहून लवकर. फिल्टर कधी बदलला हे आठवत नसेल तर बदला. पुढच्या तपासणीला तसाही नवा फिल्टर लागतो.

मग हातपंप दाबा. काही दाबांत तो कडक झाला पाहिजे. मऊच राहिला तर सक्शन बाजूने हवा शिरते आहे: टाकीपासून येणाऱ्या रबरी पाइपची क्लिप, फिल्टरचा ओ-रिंग, चिरलेला पाइप. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये फूटभर पारदर्शक डिझेल पाइप घाला आणि इंजिन चालू करा. एखाददुसरा बुडबुडा सुरुवातीला येतो, सतत माळ येत राहिली तर हवा. गंमत अशी की या गळतीतून डिझेल बाहेर सांडत नाही. सक्शन आहे, त्यामुळे हवा आत जाते आणि खाली कोरडंच दिसतं.

हवा नाही, तरी लोडवर दाब पडतो? पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमधून नव्या पाइपने थेट फिल्टरला डिझेल द्या, कॅन पक्का बांधा आणि इंजिनाला रेस देऊन बघा. दाब टिकला तर टाकीची जाळी किंवा पाइप तुंबला आहे. काम टाकी उतरवून धुण्याचं, पंपाचं नाही.

इथवर सगळं ठीक असेल तर आकडे बघा. इंजिन बंद होऊन दहा-पंधरा मिनिटं झाली, चावी ऑन: रेल प्रेशर शून्याजवळ आणि सिग्नल ०.५ व्होल्टच्या आसपास हवा. तिथेच ६०-७० बार दाखवत असेल तर सेन्सर चुकतो आहे. स्टार्टर फिरताना साधारण २०० बार बनले पाहिजेत, त्याखाली बहुतेक ईसीएम इंजेक्टर उघडतच नाहीत. पंपावरच्या मीटरिंग व्हॉल्व्हच्या (पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणाऱ्या) कॉइलचा रेझिस्टन्स बहुधा ३ ओहमच्या आसपास असतो.

शेवटी रिटर्न चाचणी. इंजेक्टरांचे बारीक रिटर्न पाइप (उरलेलं डिझेल परत नेणारे) काढून प्रत्येकाला वेगळी नळी आणि सारखी बाटली लावा, मूळ रिटर्न पाइपचं तोंड बंद करा, इंजिन दोन मिनिटं आयडलवर चालवा. सगळ्या बाटल्या साधारण सारख्या भरल्या पाहिजेत. एखादी बाकीच्यांच्या तिप्पट भरली तर तो इंजेक्टर आतून झिजला आहे आणि दाब तिथून परत जातो आहे. चारही फार भरल्या तर खर्चाची तयारी ठेवा. सगळ्या कमी भरल्या आणि दाबही बनत नाही, तेव्हाच पंप डिझेल लॅबमध्ये न्या. इंजेक्टर बदलला की त्याच्यावर छापलेला कोड ईसीएममध्ये भरावा लागतो. तो भरला नाही तर नवा इंजेक्टर घालूनही इंजिन खडखडतं आणि धूर काढतं. लॅबशी व्यवहार ठरवताना हे काम त्यात धरलंय का, विचारून घ्या.

ईजीआर, हवेचा मीटर आणि व्हॅक्यूम

पी०४०१ म्हणजे ईजीआरमधून धूर कमी फिरतोय, पी०४०२ म्हणजे जास्त. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत ईजीआरचा प्रवाह थेट मोजला जात नाही. व्हॉल्व्ह उघडल्यावर एअर फ्लो मीटरमधून येणारी ताजी हवा किती घटली, यावरून ईसीएम अंदाज करतो. म्हणून ईजीआरचा कोड एअर फ्लो मीटरच्या चुकीमुळेही येतो. मीटर मळून हवा कमी दाखवायला लागला की ईसीएमला वाटतं धूर जास्त येतोय.

२.५ लिटरच्या इंजिनात, ८०० फेऱ्यांवर, ईजीआर बंद असताना कोल्हापुरात हवा सेकंदाला १५ ते १७ ग्रॅमच्या आसपास यायला हवी. गरम इंजिन आयडलवर ठेवा, व्हॅक्यूमवर चालणाऱ्या ईजीआरची नळी काढून तिचं तोंड बोटाने बंद करा. व्हॉल्व्ह उघडा असेल तर हवेचा आकडा वाढला पाहिजे. मग ५० मिलिलिटरच्या सिरिंजला नळी जोडून व्हॉल्व्हला व्हॅक्यूम द्या: हवा घटून इंजिन थोडं अडखळलं पाहिजे. काहीच फरक नसेल तर व्हॉल्व्ह कार्बनने जाम आहे किंवा त्याचा पडदा फाटला आहे. सिरिंज सोडल्यावर दट्ट्या मागे ओढला गेला नाही तर पडदा गेला, नवाच घ्या. जाम असेल तर व्हॉल्व्ह काढून कार्ब क्लीनर आणि जुन्या ब्रशने साफ करा. मॅनिफोल्डच्या तोंडाशी साचलेली काजळी खरवडताना ती आत पडू देऊ नका. गॅस्केट नवीन.

आणि ब्रेक पेडल सांगतं ते ऐका. व्हॅक्यूम पंप बऱ्याचदा डायनामोच्या मागे असतो आणि ब्रेक बूस्टर, ईजीआर दोघांनाही तोच पुरवतो. ईजीआरचा कोड आणि ब्रेक कडक, हे जोडीने आलं तर पंप किंवा नळ्या तपासा. पंपापाशी आयडलवर ६०० मिलिमीटर पाऱ्याइतका व्हॅक्यूम हवा. हा दोष ब्रेकचा आहे, उद्यावर टाकायचा नाही.

एअर फ्लो मीटर फक्त त्याच्याच क्लीनरने धुवा, कापूस किंवा कंप्रेसरची हवा लावू नका. आतली तार केसाहून बारीक असते. फाउंड्रीच्या वाळूत किंवा गळीत हंगामात कारखान्याच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर मॅन्युअलमधल्या किलोमीटरांची वाट बघत नाही. तुंबला की काळा धूर आणि पी०१०१ दोन्ही येतात.

ईजीआरला पत्रा मारून बंद करायचा सल्ला मिळेल. ईसीएम असलेल्या गाडीत त्याने पी०४०१ कायमचा बसतो, आणि धुराची यंत्रणा काढणं नियमातही बसत नाही.

चढाला दम तुटतो: पी०२९९

टर्बोचा दाब कमी. नव्वद टक्के लोक टर्बोकडे बघतात, आधी बघायचा तो इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या रेडिएटरचा) होज. इंटरकूलरच्या दोन्ही टोकांचे होज काढून आतून चीर शोधा, खालच्या बाजूला, जिथे ऑइलने रबर फुगतं. बाहेरून काळा तेलकट पट्टा दिसला तर तिथून हवा निसटते. क्लिप आवळल्या तरी होज मऊ झाला असेल तर लोडवर सुटतो. एअर फिल्टर ते टर्बो हा पाइप उलट वागतो: आतला थर सुटून सक्शनने चिकटतो आणि रेस सोडली की पुन्हा गोल होतो, म्हणून उभ्या गाडीत सापडत नाही. दुसऱ्याला रेस द्यायला सांगून तो हाताने धरून बघा. हे सगळं नीट असेल तर टर्बोच्या वेस्टगेटची (दाब आवरणाऱ्या झडपेची) नळी, आणि मग टर्बोच्या शाफ्टचा खेळ. शाफ्ट वर-खाली किंचित हलतो ते चालतं, पंखा घराला घासत असेल तर नाही.

किरकोळ

पी०५०० आणि स्पीडोमीटर बंद: गिअरबॉक्सवरचा सेन्सर किंवा त्याचा चिखलात लोंबकळणारा कपलर. पी०७०४, पी०५७१: क्लच-ब्रेकचा स्विच, थोडं ॲडजस्ट करून पाहा. पी०३८०: हीटर प्लगचं सर्किट. प्लगचा रेझिस्टन्स थंड असताना एक ओहमच्या आसपास, आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटेशिवाय फारसा त्रास जाणवत नाही. पी०३३५: फेऱ्यांचा सेन्सर, गाडी गरम झाली की बंद पडते आणि थंड झाली की सुरू होते, हे त्याचं ठरलेलं लक्षण. पी०६०६ ईसीएमचा म्हणतात, पण सप्लाय आणि अर्थ दोनदा मोजल्याशिवाय ईसीएम उघडू देऊ नका.

दुरुस्ती झाल्यावर

आता कोड पुसा. मग ज्या परिस्थितीत दिवा लागला होता तशीच परिस्थिती द्या. लोडवर येणारा कोड रिकाम्या गाडीने रिंग रोडला फेरी मारून तपासता येत नाही. निम्मा माल भरून पन्हाळ्याचा चढ घ्या, मोबाइलवर रेल प्रेशरचा हवा असलेला आणि मिळालेला आकडा, दोन्हींची नोंद सुरू ठेवा, आणि ती नंतर खाली थांबून बघा. चालवताना नाही. दोन्ही रेषा जवळजवळ चिकटून चालल्या पाहिजेत. कोड न पुसता सोडला तरी दोष खरोखर गेला असेल तर साधारण सलग तीन वेळा गाडी चालवताना दोष न दिसल्यावर दिवा आपोआप विझतो, आणि पुढे इंजिन ४० वेळा थंडाचं गरम झाल्यावर कोडही पुसला जातो.

जुनी पिकअप विकत घेताना हेच उलटं वापरा. ॲपमधलं रेडिनेस पान उघडा, ईसीएमने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्या का ते तिथे दिसतं. चाचण्या एकही पूर्ण झालेल्या नसतील तर कोड आज सकाळीच पुसले आहेत किंवा बॅटरी काढली होती. व्यवहार थांबवा, गाडी चढाला फिरवून आणा आणि मग पुन्हा स्कॅनर लावा.